ट्रकचा रिले सारखा का जळतो, आणि चोर अडवायला रिले लावायचा तर कुठं लावायचा

दादा, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी दहा टायर, २४ व्होल्ट, जुन्या मेकॅनिकल पंपाची (डिझेलचा पंप कॉम्प्युटरशिवाय चालतो अशी). सीझनला ऊस, बाकी दिवस कुपवाड एमआयडीसीतनं माल. हेडलाईटचा आणि सेल्फचा (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरचा) रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच, सारखा जातोय, प्रत्येक वायरमन नवा रिले ठोकून पैसे घेऊन मोकळा होतोय. आणि रात्री गाडी माधवनगर रोडच्या कडेला लागते, शेजारच्याची गाडी गेल्यापासनं तुमचा ड्रायव्हर रोज रात्री सेल्फचा रिले उपटून खिशात घालून घरी नेतोय. हे बरोबर आहे का आणि यापेक्षा चांगलं काय, असं तुम्ही विचारलंय. पुढच्या वर्षी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची) गाडी घ्यायचा विचार आहे, तिला काय करायचं हे पण विचारलंय.

रोज रिले उपटणं आजपासनं बंद करा. चोर त्यानं थांबत नाही आणि सेल्फचा रिले सारखा जाण्याचं निम्मं कारण तेच असणार. का ते सांगतो.

रिले ज्या बेसमध्ये बसतो त्या बेसच्या आत पितळी क्लिपा असतात, रिलेची पिन त्या क्लिपेत घट्ट दाबून बसली पाहिजे. हे वर्षा दोन वर्षातनं कधीतरी एकदा काढायचं काम आहे, रोज काढायचं-घालायचं नाही. रोज उपटला की क्लिप फाकते, पिन सैल बसते, आणि सैल पिनेवर करंट गेला की तिथं उष्णता तयार होते. हिशोब बघा, १० अँपिअर करंट जातोय आणि सैल जागी नुसता अर्धा व्होल्ट पडतोय, तरी ५ वॅट उष्णता तेवढ्याशा पिनेवर सतत. बेसचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वितळतं, आणि वायरमन येऊन म्हणतो रिले खराब. रिले खराब नाही, बेस गेलाय. नवा रिले त्याच फाकलेल्या क्लिपेत बसवला की तो पण काही दिवसांनी जाणारच. म्हणून रिले बदलताना बेस उलटा करून मागनं बघा, वायरच्या लगचा (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा) रंग बदललाय का, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय का. तसं असेल तर चार बोटं वायर कापून नवीन लग पंच करून नवीन बेस टाका, नुसता रिले घेऊ नका.

आता चोराचं. रिले काढून नेला तर चोर काय करतो? शेजारचा हॉर्नचा रिले काढतो आणि सेल्फच्या जागी घालतो. लहान चौकोनी रिले असेल तर बहुतेक वेळा पिना सारख्याच असतात. तेही नको असेल तर बेसच्या ३० आणि ८७ नंबरच्या भोकात (नंबरांचा अर्थ पुढं सांगतो) एक वायरचा तुकडा. आणि तेही नको असेल तर गाडीखाली जाऊन सेल्फच्या दोन बोल्टवर पाना टेकवला की सेल्फ फिरतो, हे आपल्याकडं प्रत्येक क्लीनर पोराला माहीत आहे, चोराला माहीत नसेल असं समजू नका.

आधी जळण्याचं पूर्ण करतो, कारण चोरीसाठी जो रिले लावणार तो पण याच कारणांनी जाणार आहे.

रिलेच्या पायावर नंबर असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल, तिला जरासा करंट दिला की ती लोहचुंबक होऊन आतली पट्टी ओढते. ३० ला करंट येतो, पट्टी ओढली की ३० चा करंट ८७ ला जातो. पाच पायाचा असेल तर मधला ८७ए, तो कॉइलला करंट नसताना ३० ला जोडलेला असतो. एवढं डोक्यात बसलं की ट्रकच्या निम्म्या वायरिंगची भीती जाते. २४ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल मल्टिमीटरवर साधारण २५० ते ३५० ओहम दाखवते, १२ व्होल्टची ८० ते १०० च्या आसपास. दुकानदारानं चुकून १२ चा हातात दिला आणि तुम्ही २४ च्या गाडीत बसवला तर तो टिक करून ओढणार, झकास चालणार, आणि थोड्या वेळानं कॉइल भाजून वास येणार. दोन्ही रिले दिसायला जुळे भाऊ, म्हणून टोपीवरचं छापील वाचल्याशिवाय घेऊच नका, आणि टोपीवर काहीच छापलेलं नसेल तर तो रिले दुकानातच ठेवा.

दुसरं, त्याच टोपीवर अँपिअर लिहिलेलं असतं आणि इथं लई लोक फसतात. १२ व्होल्टला ४० अँपिअरचा रिले म्हणजे २४ ला पण ४० असं नसतं, २४ ला तसल्या साइजचा रिले साधारण २० चाच धरायचा. कारण डीसी, म्हणजे बॅटरीचा, करंट तोडताना रिलेच्या आतल्या एकमेकाला टेकणाऱ्या पॉइंटमध्ये जी ठिणगी पडते ती व्होल्ट वाढले की जास्त लांब टिकते. आता तुमच्या हेडलाईटचा हिशोब करा. कंपनीचे दोन ७० वॅटचे बल्ब म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास, रिलेला हे काहीच नाही. पण उसाच्या फडात रात्री भरणीला उजेड पाहिजे म्हणून तुम्ही वर कॅबिनवर चार १०० वॅटचे दिवे लावलेत आणि ते त्याच हेडलाईटच्या रिलेवरनं घेतलेत ना? ते चार दिवेच सोळा-सतरा अँपिअर. शिवाय हॅलोजनची तार थंड असताना चालू करायच्या पहिल्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. रोज संध्याकाळी बटण दाबलं की त्या पॉइंटवर एक छोटं वेल्डिंग होतंय. वरच्या दिव्यांना वेगळा रिले, बॅटरीवरनं वेगळी वायर, वेगळा फ्यूज द्या, हेडलाईटचा रिले जळायचा थांबेल. फ्यूज वायरच्या जाडीवर ठरवायचा, दिव्यांवर नाही, आणि उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळायची नाही, गाडीला आग लागायची सगळ्यात स्वस्त पद्धत तीच आहे.

जळालेला रिले फेकायच्या आधी एकदा उघडून बघा. ब्लेडनं खालची कड फिरवून कापली की टोपी निघते. आत दोन बारीक पॉइंट समोरासमोर दिसतात, नवे असताना चांदीसारखे पांढरे. तुमच्या हेडलाईटच्या रिलेत एका पॉइंटला खड्डा आणि समोरच्याला टेकाड दिसेल, भोवती काळी काजळी. हा जास्त लोडनं गेला. सेल्फच्या रिलेत पॉइंट एकमेकाला चिकटलेले असतील, नखानं उचकटले तर टक् करून सुटतील. हा कमी व्होल्टनं गेला. आणि पॉइंट स्वच्छ पण कॉइलवरचा कागद काळा आणि तिखट जळका वास असेल तर कॉइल गेली, म्हणजे चुकीच्या व्होल्टचा रिले किंवा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) जास्त व्होल्ट फेकतोय. इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावा, २४ च्या गाडीला साधारण २७.५ ते २८.५ पाहिजे, ३० च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बघा, नाहीतर रिले काय, बल्ब आणि बॅटरी पण जाणार. पॉइंट पॉलिश पेपरनं घासून परत वापरायचा नाद करू नका, वरचा चांगला थर आणि आकार दोन्ही जातं.

कमी व्होल्टनं रिले कसा जातो ते नीट ऐका कारण सेल्फच्या बाबतीत हेच होतंय असं मला वाटतं. सकाळी चावी फिरवली की टर्रर्रर्र आवाज येतो, बरोबर? बॅटरी उतरलेली असते, कॉइलला पहिल्यांदा पुरेसे व्होल्ट मिळतात, पट्टी ओढते, सेल्फनं लोड घेतला की व्होल्ट एकदम खाली बसतात, कॉइल पट्टी सोडते, लोड गेला की व्होल्ट परत वर, परत ओढते. सेकंदाला कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी ठिणगी, आणि शेवटी पॉइंट चिकटतात. चिकटले की चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो, इंजिन चालू झालं तरी. अशा वेळी चावी हलवत बसायचं नाही, सरळ बॅटरीचा कटऑफ किंवा टर्मिनल काढायचं, नाहीतर सेल्फची वाइंडिंग गेली म्हणून समजा. टर्रर्र ऐकू आलं की ड्रायव्हरनं चावी धरून ठेवायची नाही, हे त्याला दमात घेऊन सांगा.

आणि बॅटरी उतरते का? तुमच्या गाडीत टेप आणि मोबाईलचा चार्जर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरनं घेतलाय की नाही बघा. शंभरात नव्वद ट्रकला हेच असतं असं म्हणायला हरकत नाही. एका बॅटरीवरनं १२ व्होल्ट काढले की ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते, दोन्ही मरतात. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि बॅटऱ्या बदलाल तेव्हा जोडीनंच बदला.

अर्थिंगचा पण हात असतो. रिलेच्या ८५ ची वायर जिथं बॉडीला बोल्ट मारलेली आहे तिथं गंज असतो, कारण गाडी प्रेशरनं धुताना पाणी तिथंच जातं आणि कारखान्याच्या यार्डातली ती चिकट धूळ वरनं बसते. बोल्ट काढून पत्रा चकचकीत घासा, दातेरी वॉशर टाका, घट्ट करून वरनं जेली लावा. दहा मिनिटाचं काम आहे आणि निम्मी भुतं यानंच पळतात.

पुरातल्या गाडीविषयी तुम्ही विचारलं नाही पण सांगलीत बसून हे न सांगणं चुकीचं होईल. २०१९ आणि २०२१ ला पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या नंतर स्वस्तात विकल्या गेल्या आणि अजून फिरतायत. पुराच्या पाण्यातला रिले उन्हात वाळवून चालू होतो पण आत गाळाचा थर बसलेला असतो, आणि तांब्याच्या वायरीत पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढून आतनं हिरवं-काळं पडलेलं असतं, बाहेरनं वायर नवी दिसते. जुनी गाडी घेताना फ्यूज बॉक्सच्या बेसमध्ये टॉर्च मारून बघा, कोपऱ्यात पिवळट बारीक माती दिसली तर सगळे रिले आणि बेस बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

आता रिले चांगला आहे का कसं ओळखायचं. टिक वाजली म्हणजे चांगला, असं नाही, टिक म्हणजे फक्त कॉइल आणि पट्टी ठीक. खरी परीक्षा लोडवर. दिवे चालू ठेवून मीटर व्होल्टवर लावा, एक काडी ३० ला एक ८७ ला. चांगला रिले ०.१ व्होल्टच्या आत-बाहेर दाखवतो. ०.३ च्या वर गेला तर बदला, अजून चालतोय म्हणून ठेवू नका. सीझन सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, एवढं करून घ्या आणि रिलेवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. बदली रिले घेताना अजून एक, काही रिलेच्या कॉइलला आत डायोड असतो, टोपीवरच्या चित्रात बाणासारखी खूण दिसते. त्याला ८६ प्लस आणि ८५ अर्थ असंच पाहिजे, उलटं झालं तर थेट शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. तुमच्या गाडीत आधी कुणी उलटं जोडलेलं असेल तर डायोडवाला रिले बसवल्या बसवल्या फ्यूज जाईल आणि सगळे रिलेला शिव्या घालतील.

बरं, चोरी.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. चालू इंजिन बंद पाडणारी कुठलीही सिस्टीम ट्रकला लावायची नाही. फक्त चालू होऊ द्यायची नाही, एवढंच. गाडी खंबाटकी उतरतीय, मागं पंधरा-सोळा टन माल, आणि कुठल्यातरी सैल पिनेनं किंवा मोबाईलवरच्या बटणानं इंजिन बंद झालं तर पॉवर स्टिअरिंग गेलं, एअर कॉम्प्रेसर थांबला, टाकीत राहिलेल्या हवेवर थोडेच ब्रेक मिळणार, आणि हवा फार उतरली तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून गाडी मधेच जाम. आत चोर नसतो दादा, बहुतेक वेळा तुमचाच ड्रायव्हर असतो.

म्हणून जीपीएसवाला येतो आणि 'इंजिन कट फ्री देतो' म्हणून एक पाच पायाचा रिले फ्युएल सोलेनॉइडच्या (करंटवर डिझेल चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) वायरीत घालून जातो ना, त्याला सांगायचं की हा रिले सेल्फच्या लाइनला टाक. मग तुम्ही मोबाईलवरनं कट दाबलात तरी चालू गाडी चालूच राहते, पण एकदा बंद झाली की परत चालू होत नाही. चोर कधीतरी चहाला, डिझेलला, टोलच्या अलीकडं थांबतोच. जीपीएसवाला काचकूच करेल, म्हणेल सगळे डिझेललाच लावतात, तरी तुम्ही ऐकू नका. त्यानं वायर नुसती पिळून टेप मारलेली असते ती पण तिथंच पंच करून स्लीव्ह घालून घ्या.

आता सेल्फची लाइन म्हणजे नक्की कुठली वायर, इथं गल्लत होते. सेल्फला जाणारी बॅटरीची जाड केबल नाही, तिच्यातनं काहीशे अँपिअर जातात. सेल्फच्या सोलेनॉइडची (सेल्फवरच्या मोठ्या चुंबकी स्विचची) वायर पण नाही, मोठ्या सेल्फचा सोलेनॉइड पहिल्या झटक्याला ३०-४० अँपिअर सहज ओढतो, छोटा रिले तिथं टिकणार नाही. चावीपासनं निघून सेल्फच्या रिलेच्या कॉइलला जाते ती बारीक वायर पकडायची. तिच्यातनं एक अँपिअर पण जात नाही, त्यामुळं तिथं लावलेल्या रिलेचे पॉइंट वर्षानुवर्षं टिकतात. काही जुन्या गाड्यांना सेल्फचा रिलेच नसतो, चावीतनं थेट सोलेनॉइडला वायर असते आणि म्हणून चावीचा स्विच सारखा जळतो. तसं असेल तर आधी चांगला जड सेल्फ रिले बसवून घ्या, मग पुढचं.

त्या बारीक वायरीत नुसतं लपवलेलं बटण टाकलं तरी काम होतं, लोक टाकतात पण. अडचण एवढीच की रोज रात्री ते बटण बंद करायची आठवण ड्रायव्हरला राहत नाही, चार दिवस करतो, पाचव्या दिवशी कंटाळतो. त्यापेक्षा दोन रिलेची जोडणी करा, आपोआप लॉक होणारी. पहिल्या रिलेच्या ३० ला चावी ऑन झाल्यावर येणारा करंट द्यायचा, ५ अँपिअर फ्यूजमधनं. ८५ अर्थला. ८६ ला तोच चावी ऑनचा करंट पण एका दाबायच्या बटणातनं, म्हणजे सोडलं की सुटणारं, बेलच्या बटणासारखं. आणि ८७ मधनं एक वायर परत त्याच्या स्वतःच्या ८६ ला. झालं काय, चावी ऑन करून बटण एकदा दाबलं की रिले ओढतो आणि स्वतःलाच करंट देऊन धरून राहतो, चावी बंद केली की सुटतो. त्याच ८७ मधनं दुसऱ्या रिलेच्या ८६ ला वायर, दुसऱ्याचा ८५ अर्थला, आणि दुसऱ्याच्या ३० आणि ८७ मध्ये ती चावीची सेल्फची बारीक वायर कापून जोडायची. आता ड्रायव्हरला लॉक करायचं लक्षात ठेवावं लागत नाही, चालू करताना फक्त एकदा बोट लावायचं. रिले मधेच मेला तरी चालू गाडी बंद पडत नाही, फक्त पुढच्या वेळी सेल्फ मारत नाही. चावी ऑनचा करंट घेताना मीटर लावून बघा की सेल्फ मारताना तो जात नाही, टेपची वगैरे लाइन सेल्फच्या वेळी कट होते, ती घेतली तर रिले ऐन वेळी सुटणार.

इथं ८७ च का, ८७ए का नको? ८७ए वर जोडलं तर रिलेला करंट नसताना सर्किट चालू राहतं, म्हणजे चोरानं रिलेच्या वायरी उपटल्या की गाडी मोकळी. ८७ वर उपटल्या तर बंदच राहते. जीपीएसवाले ८७ए वापरतात कारण त्यांचा डबा बिघडला तर गाडी अडकून त्यांना फोन नको, त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. त्यांच्या भरवशावर एकटं राहू नका एवढंच.

रिले दोन्ही फ्यूज बॉक्सजवळ नकोत. चोर पहिल्यांदा तिथंच बघतो. कॅबिनच्या मूळ वायरिंगच्या गुंड्यात, मूळ रंगाच्या वायरी वापरून, मूळ टेपसारखी टेप गुंडाळून. लाल-निळी चकचकीत नवी वायर दिसली की कुठं हात घालायचा ते चोराला आपणच सांगितलं. बटण म्हणून डॅशबोर्डवरचं एखादं मूळ पण रिकामं बटण वापरा. आणि हे काम चौकात गाडी उभी करून दहा जणांच्या समोर करू नका, ड्रायव्हर बदलला की बटणाची जागा बदला. चोरी करणारा पुष्कळदा गाडी ओळखणारा असतो, एवढं बोललो म्हणजे समजून घ्या.

पण तुमची गाडी मेकॅनिकल पंपाची. हिच्यात एवढ्यावर भागत नाही, कारण पान्यानं सेल्फ फिरतो हे वर सांगितलंच, आणि दुसऱ्या गाडीनं ओढून किंवा उतारावर सोडून गिअर टाकला तरी ही चालू होते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, डिझेल आणि हवा मिळाली की बास. म्हणून हिला खरं कुलूप पंपाच्या स्टॉपच्या लिव्हरला. केबल ओढून बंद करायची गाडी असेल तर स्टॉप केबल ओढलेल्या जागी कुलूप बसेल अशी क्लॅम्प एखाद्या फॅब्रिकेटरकडनं करून घ्या, केबिनमधनं नाही, पंपाजवळ, पटकन हात जाणार नाही अशी. लिव्हर स्टॉपला अडकलेला असेल तर चोरानं कितीही सेल्फ मारला, कितीही ओढली, तरी इंजिन पेटत नाही. सकाळी ड्रायव्हर विसरला तर सेल्फ मारत बसेल, ते त्याला एकदा समजावून सांगा.

स्टॉपचा सोलेनॉइड असेल तर तो दोन प्रकारचा असतो. एकाला चालू राहायला करंट लागतो, दुसऱ्याला बंद करताना करंट लागतो. ओळखायला सोपं, गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन आयडलला, सोलेनॉइडचं कनेक्टर ओढा. इंजिन बंद पडलं तर पहिला प्रकार, चालूच राहिलं तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात वायर कापून चोरी अडत नाही, उलट चोराचं बरं होतं, आणि तुम्हालाच चावीनं इंजिन बंद होईना म्हणून बोंबलत बसावं लागेल. असली जोडणी करून पैसे घेणारे लोक आहेत.

डिझेलच्या लाइनला लपवलेला कॉक बसवणारे पण आहेत. मला नाही पटत. गाडी चालू होते, लाइनीत उरलेल्या डिझेलवर जराशी जाते आणि हायवेला मधेच बंद पडते, चोर उडी मारून पळतो, आणि पेठ नाक्याच्या अलीकडं अंधारात दिवे नसलेला ट्रक मधल्या लेनमध्ये. मागनं येणाऱ्याचा काय गुन्हा? वर लाइनीत हवा धरते ती काढायला मिस्त्री तुम्हालाच आणायचा.

आणि हे सगळं पूर्ण गाडीच्या चोरीसाठी. रस्त्याकडेला उभ्या गाडीची चोरी जास्त करून बॅटरीची, स्टेपनीची आणि डिझेलची होते, रिलेचा त्याच्याशी काही संबंध नाही. बॅटरी बॉक्सला अँगलची चौकट आणि कुलूप आत झाकलेलं, बाहेर लोंबणारं नको, कटरचा जबडा बसता कामा नये. डिझेल टाकीच्या नळकांड्यात जाळी. बॅटरी कटऑफ स्विच लावा, चावी निघणारा, तो चोरीपेक्षा आगीसाठी आणि बॅटरी उतरू नये म्हणून जास्त उपयोगी, पण रात्री चावी काढून नेता येते हे रिले उपटण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. ड्रायव्हरला खिशात काहीतरी घालून न्यायचंच असेल तर ती चावी नेऊ दे.

सीझन संपल्यावर गाडी महिना दोन महिने उभी राहणार असेल तेव्हा मात्र रिले काढायला हरकत नाही, तेव्हा रोजची काढ-घाल नसते. मी तर म्हणतो रिकामी जागा ठेवूच नका, जुना कॉइल गेलेला रिले तिथं घालून ठेवा. बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं आणि तो बॅटरीपासनं चाचपत बसतो. फक्त स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा, नाहीतर पावसाळ्यानंतर तुमचाच वायरमन अर्धा दिवस खाईल.

बीएस-६ गाडीचं वेगळं आहे. देशभर एप्रिल २०२० पासनं या गाड्या, इंजिन ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर, चालतं. पुष्कळ गाड्यांत चावी थेट सेल्फच्या रिलेला जात नाही, ती ईसीयूला सांगते आणि ईसीयू रिले ओढतो. ईसीयूचा मेन रिले, सेन्सरच्या वायरी, पिळलेली कॅनची जोडी (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकाशी बोलतात त्या दोन वायरी) याला कुणालाही हात लावू देऊ नका, चेक लॅम्प लागेल, पॉवर कमी होईल, आणि वॉरंटीवरनं वाद होईल तो वेगळा. काही करायचंच तर चावीच्या सेल्फ सिग्नललाच, आणि वॉरंटीत असेपर्यंत शोरूमला विचारून. कटऑफ स्विच पण चावी बंद केल्या केल्या फिरवायचा नाही, गाडी बंद झाल्यावर डीईएफचा (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) पंप लाइन रिकामी करतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्या, नाहीतर लाइनीत युरियाचे खडे धरतात आणि ते काढायचं बिल रिलेच्या बिलासारखं नसतं.

गाडी गेलीच तर ११२ ला फोन आणि लगेच एफआयआर, विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी आज घरात कुठं आहे ती शोधून ठेवा. बरेच मालक ती गाडीतच, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात.

आता तुम्ही करा एवढं. रिलेच्या बेसचा मागच्या बाजूनं फोटो काढा, सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट राहतात ते बघा, वरचे चार दिवे कुठनं घेतलेत ते वायर धरून शोधा, आणि स्टॉप केबलची आहे का सोलेनॉइडची ते सांगा. सेल्फ मारताना १८ च्या खाली जात असेल तर आधी बॅटऱ्यांचं बघू, रिलेला हात लावायच्या आधी.